उभी गाडी थरथरते, घाटात ब्रेक कडक होतो : जुन्या गाडीतला ‘व्हॅक्युम लीक’ शोधायचा कसा?

चालत असताना गाडी व्यवस्थित. उभी केली की मात्र थरथरायला लागते. स्लो कधी खाली जातो, कधी आपोआप वर चढतो आणि आळेफाट्याच्या गर्दीत गाडी नेमकी बंद पडते. जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा झेन वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. प्लग बदलायचे, कार्बोरेटर उघडून धुवायचा, तेवढ्यानं भागलं नाही तर स्लोचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून द्यायचा. गाडी दोन-चार दिवस बरी चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारण बऱ्याचदा दोष यातल्या कशातच नसतो. इंजिनाच्या मागच्या बाजूला कुठेतरी बोटाएवढी रबरी नळी चिरलेली असते आणि तिथून इंजिन चोरून हवा ओढत असतं. गॅरेजमध्ये याला ‘एअर घेतंय’ म्हणतात. पुस्तकी नाव व्हॅक्युम लीक.

सपाट रस्त्यावर हा दोष पेट्रोल आणि पैसा खातो. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून मालशेज घाट उतरणाऱ्या किंवा भीमाशंकरला जाणाऱ्या गाडीत तोच दोष ब्रेकपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे ‘स्लो वाढवून घेतला, आता काही नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

इंजिनात व्हॅक्युम येतो कुठून?

पेट्रोल इंजिन हा एका अर्थानं हवेचा पंप आहे. पिस्टन खाली जातो तेव्हा तो हवा आत ओढतो. या हवेच्या वाटेत एक झडप असते, थ्रॉटल. ॲक्सिलरेटरवर पाय नसतो तेव्हा ही झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन ओढत राहतात, पण हवा पुरेशी येत नाही. त्यामुळे थ्रॉटल आणि इंजिन यांच्या मधल्या भागात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब तयार होतो. हाच व्हॅक्युम.

गाडी बनवणाऱ्यांनी या फुकटच्या ताकदीला बरीच कामं लावली. ब्रेकचा बूस्टर तिच्यावर चालतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग पुढे-मागे करणारा पडदा तिच्यावर चालतो. इंजिनातली वाफ परत जाळायला आणणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि नंतरच्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, हे सगळे नळ्यांनी मॅनिफोल्डला जोडलेले असतात. यातली प्रत्येक नळी, तिचं प्रत्येक टोक आणि मॅनिफोल्डखालचं पॅकिंग ही गळतीची संभाव्य जागा आहे.

रबर उष्णतेनं कडक होतं आणि मग चिरतं. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या शेवटच्या ८०० गाड्यांमधल्या मूळ नळ्यांनीही दहापेक्षा जास्त उन्हाळे काढलेत. शिवाय गावाकडे आणखी एक कारण असतं, ते म्हणजे उंदीर. शेतातल्या शेडमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळ्या कुरतडलेल्या निघाल्या, तर आश्चर्य वाटायला नको.

एवढ्याशा भोकानं इतका फरक का पडतो?

हिशेब करून बघू. ८०० आणि ओम्नीचं तीन सिलिंडरचं इंजिन ७९६ सीसीचं. मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या स्लोवर ते पूर्ण दाबाची हवा घेत असतं, तर मिनिटाला साधारण ३६० लिटर हवा लागली असती. पण थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यानं प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशच, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास जाते. आता मॅनिफोल्डच्या नळीला तीन मिलिमीटरचं भोक पडलं असं समजा. आत-बाहेरच्या दाबात एवढा फरक असताना त्या भोकातून मिनिटाला पन्नास-साठ लिटर हवा घुसू शकते. हा आकडा ढोबळ आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. इंजिन पित असलेल्या हवेत जवळपास निम्म्यानं भर पडली आणि तिच्यासोबत पेट्रोल आलंच नाही.

पेट्रोल नीट जळायला वजनानं एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा बरीच जास्त झाली की मिश्रण पातळ होतं, एखादा सिलिंडर पेटत नाही आणि गाडी मिसिंग करते.

वेगात असताना तेच इंजिन मिनिटाला सातशे-आठशे लिटर हवा घेत असतं आणि थ्रॉटल उघडल्यामुळे आतली ओढही कमी झालेली असते. तिथं भोकातून येणारी हवा किरकोळ ठरते. म्हणून हा दोष उभ्या गाडीत दिसतो आणि पळत्या गाडीत लपतो. ‘रेस केली की बरी चालते’ असं मालक सांगू लागला, तर गळतीचा संशय सगळ्यात आधी घ्यावा. हायवेवरही गाडी ओढत नसेल, तर मात्र फिल्टर, पेट्रोल पंप किंवा प्लगकडे आधी बघावं.

कार्बोरेटर आणि एमपीएफआय : दोष एक, लक्षणं वेगळी

इंटरनेटवर व्हॅक्युम लीकची माहिती शोधली तर ‘मिश्रण पातळ होतं आणि इंजिन बंद पडतं’ एवढंच बहुतेक ठिकाणी मिळतं. कार्बोरेटरच्या गाडीत ते खरंही आहे. २००० सालाच्या आसपास आलेल्या एमपीएफआय गाड्यांत मात्र प्रकार बदलतो.

काही गाड्यांत कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो. गळतीची हवा त्या मोजमापाला चुकवून येते, म्हणून तिथंही मिश्रण पातळच होतं. पण मारुतीच्या छोट्या गाड्यांत साधारणपणे हवा मोजली जात नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजला जातो. हे काम मॅप सेन्सर करतो. गळतीमुळे दाब वाढला की कॉम्प्युटरला वाटतं, ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दिलाय. मग तो पेट्रोलही वाढवतो. परिणाम म्हणजे गाडी बंद पडण्याऐवजी तिचा स्लो चढतो. पाय काढला तरी इंजिन दीड हजारावर घोंघावत राहतं, किंवा वर-खाली होत राहतं. अशा वेळी ॲक्सिलरेटरची केबल अडकली असेल म्हणून तिच्यात तेल सोडलं जातं, सेन्सर बदलले जातात. गळती तिथंच राहते.

स्कॅनर लावून कळणार नाही का? गाडीच्या वयावर ते अवलंबून आहे. भारतात चारचाकींना ओबीडी-१ बंधनकारक झालं एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत बाजारातला साधा स्कॅनर बहुधा काही सांगत नाही. नंतरच्या गाडीत ‘पी ०१७१’ हा कोड किंवा फ्युएल ट्रिमचे आकडे उपयोगी पडतात. उभ्या गाडीत ट्रिम बराच अधिक दाखवतो आणि अडीच हजार फेऱ्यांवर तो शून्याकडे येतो, असं दिसलं तर रोख गळतीकडेच जातो.

घाटात ब्रेक का कडक होतो?

ब्रेक बूस्टर म्हणजे पॅडलच्या पुढे बसवलेला पत्र्याचा मोठा गोल डबा. त्यात मधोमध एक रबरी पडदा असतो. ब्रेकवर पाय नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना मॅनिफोल्डचा व्हॅक्युम असतो. ब्रेक दाबला की एका बाजूला बाहेरची हवा शिरते. तिचा दाब पडद्याला ढकलतो आणि तुमच्या पायाच्या जोरात भर पडते.

बूस्टरकडे जाणारी नळी ही मॅनिफोल्डवरची सगळ्यात जाड नळ्यांपैकी एक असते. ती चिरली तर दोन गोष्टी एकदम होतात. इंजिनाचा स्लो बिघडतो आणि बूस्टरला पुरेसा व्हॅक्युम मिळत नाही. ब्रेक लागतो, पण पॅडल लाकडासारखं कडक वाटतं आणि गाडी थांबवायला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. पेठेत फिरताना हे खपून जाईल. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर मालशेजचा उतार उतरताना, पावसात, धुक्यात, गाडीत पाच माणसं असताना ते खपत नाही.

इथं एका जुन्या सवयीबद्दल बोलायलाच हवं. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देणारे आजही आहेत. बूस्टरच्या नळीत एकदिशा झडप असते, त्यामुळे इंजिन बंद पडल्यावरही डब्यात थोडा व्हॅक्युम साठून राहतो. तो दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो. झडप किंवा नळी गळकी असेल तर तेवढाही नाही. याउलट गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून उतरवली तर थ्रॉटल बंद आणि इंजिन वेगात, अशा स्थितीत मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम सगळ्यात जास्त असतो. म्हणजे गिअरमध्ये उतरताना इंजिन गाडीला रोखूनही धरतं आणि बूस्टरही भरत राहतं. एमपीएफआय गाडीत तर अशा वेळी बहुतेक करून पेट्रोल सोडणंच थांबतं, त्यामुळे बंद गाडी सोडून वाचवायला फारसं काही उरत नाही.

बूस्टर तपासायला हत्यारं लागत नाहीत. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पॅडल कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच गाडी चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर बूस्टरपर्यंत व्हॅक्युम पोहोचत नाही किंवा बूस्टरच काम करत नाही.

पुढची चाचणी साठवणुकीची. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, थोडा वेळ थांबा आणि ब्रेक दाबा. पहिल्यांदा पॅडल नेहमीसारखं खोल जाऊन पुढच्या प्रत्येक दाबाला वर येत गेलं, तर साठवण ठीक आहे. पहिल्याच दाबाला कडक लागलं, तर झडप, नळी किंवा पडदा यापैकी काहीतरी गळतंय. ब्रेक दाबताच इंजिनाचा आवाज बदलत असेल आणि पॅडलजवळ ‘फुस्स’ ऐकू येत असेल, तर पडदा फाटल्याची शक्यता मोठी. अशी गाडी घाटात नेऊ नये. नळी बुच मारून बंद केली की स्लो सुधारतो, पण बूस्टर पूर्ण निकामी होतो. तपासणीपुरतं ते ठीक, तशी गाडी चालवू नये.

सगळ्याच जुन्या गाड्यांना बूस्टर नसतो, हेही लक्षात ठेवावं. नसेल तर कडक ब्रेकचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

गळतीची जागा सापडते कशी?

सुरुवात डोळ्यांनी आणि बोटांनी करावी. इंजिन बंद आणि गार असताना प्रत्येक नळी टोकापासून टोकापर्यंत चाचपायची. चिरा बहुतेक वेळा टोकाशी, क्लिपच्या आत किंवा वाकणाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे वरून बघून त्या दिसत नाहीत. नळी हलकी वाकवली की तोंड उघडतात. नुसती लोंबकळणारी नळी आणि बुच नसलेलं तोंडही शोधा. मागच्या दुरुस्तीत काहीतरी काढून ठेवल्याची ती खूण असते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यानं सीट उचलल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी बघत नाही.

मग कान. फूट-दीड फूट लांबीची प्लॅस्टिकची नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं चालू इंजिनाच्या जोडांजवळून फिरवा. गळतीपाशी स्पष्ट सुसकारा ऐकू येतो. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब राहा. उपरणं, ओढणी, सैल बाही आधी आवरून घ्या.

आवाज सापडला नाही तर एकेक नळी वगळून बघायची. नळी काढून मॅनिफोल्डचं तोंड बुचानं बंद केलं आणि स्लो लगेच सुधारला, तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात आहे. नळी पकडीनं चिमटूनही हे करता येतं, पण पंधरा वर्षांचं कडक रबर चिमटलं की नवी चीर पडते.

नळ्या निर्दोष निघाल्या तर संशय पॅकिंगवर जातो. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग. फवाऱ्याच्या बाटलीतून या जोडांवर थोडं पाणी मारायचं. पाण्यानं फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ द्यायचं नाही, नाहीतर गाडी त्यामुळेच मिसिंग करेल आणि निष्कर्ष चुकेल.

अनेक ठिकाणी पाण्याऐवजी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारला जातो. गळतीतून तो आत ओढला गेला की इंजिन उचल खातं, त्यामुळे जागा पटकन कळते, हे खरं. पण समोर तापलेला एक्झॉस्ट आणि ठिणग्या टाकणाऱ्या जुन्या वायरी असतात. आगीला आणखी काय लागतं? ओम्नीत तर ही वाफ थेट माणसं बसतात त्या जागेत साचते. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघण्याची युक्तीही त्याच कारणासाठी टाळावी. पाण्यानं जे कळतं त्यासाठी पेटता पदार्थ वापरायची गरज नाही. आणि गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून कोणतीच तपासणी करू नये, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

मोठ्या वर्कशॉपमध्ये स्मोक मशिन असतं. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये अगदी कमी दाबानं धूर सोडतात आणि जिथून धूर बाहेर येतो ती जागा. सगळ्यात खात्रीची पद्धत हीच.

काही गळत्या फक्त सकाळी दिसतात. जुन्नरच्या डिसेंबरात गार धातू आकसलेला आणि रबर ताठरलेलं असतं, तेव्हा फट उघडी राहते. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावून ती मिटते. अशी गाडी दहा वाजता गॅरेजमध्ये नेली की ‘काहीच दोष नाही’ असं उत्तर मिळतं. ती रात्री तिथंच ठेवून सकाळी पहिल्या स्टार्टला दाखवावी.

गेजचा काटा आणि जुन्नरची उंची

व्हॅक्युम गेज हे साधं, स्वस्त उपकरण मॅनिफोल्डला जोडलं की आतली ओढ पाऱ्याच्या इंचांत दिसते. पुस्तकांत निरोगी इंजिनाचा आकडा स्लोवर १७ ते २१ इंच असा दिलेला असतो. पण तो समुद्रसपाटीचा आहे. उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो आणि दर ३०० मीटरला काटा साधारण एक इंच खाली येतो.

जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. म्हणजे मालशेजखाली मुरबाडला १९ इंच दाखवणारी गाडी इथं १७ च्या आसपास दाखवेल आणि भीमाशंकरला आणखी कमी. त्यात बिघाड काही नाही. पुस्तकातला आकडा तसाच धरला, तर धडधाकट गाडीतही गळती ‘सापडते’ आणि नसलेल्या दोषावर पैसे जातात. काटा स्थिर आहे पण अपेक्षेपेक्षा चार-पाच इंच खाली, तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. काटा ठरावीक अंतरानं झटका देत असेल, तर एखाद्या व्हॉल्व्हकडे बघावं.

पीयूसीचा कागद फेकू नका

आणखी एक सुगावा बहुतेकांच्या डॅशबोर्डमध्येच पडलेला असतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीवर दोन आकडे असतात. एक कार्बन मोनॉक्साईडचा, दुसरा हायड्रोकार्बनचा. भारत स्टेज २ आणि ३ च्या चारचाकींना मर्यादा आहे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएम.

मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन दोन्ही जास्त असतील तर गाडी पेट्रोल जास्त पितेय. पण मोनॉक्साईड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेला, असं असेल तर मिश्रण पातळ होऊन काही पेट्रोल न पेटताच बाहेर पडत असण्याची शक्यता आहे. कार्बोरेटरच्या गाडीत हे गळतीकडे बोट दाखवतं. सदोष प्लगनंही हायड्रोकार्बन वाढतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये, पण मेकॅनिककडे जाताना हा कागद सोबत न्यावा.

गॅस किट आणि डिझेल

सीएनजी किंवा एलपीजी किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून नोझल बसवतात आणि व्हॅक्युमच्या नळीत ‘टी’ घालतात. ही प्रत्येक जागा नंतर गळू शकते. गाडी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर थरथरत असेल तर दोष दोघांत सामाईक असलेल्या भागात, म्हणजे मॅनिफोल्ड, नळ्या, नोझलचे जोड किंवा प्लगमध्ये. फक्त गॅसवर थरथरत असेल तर आधी किट तपासावं.

बोलेरो, सुमो आणि डिझेल पिकअपना यातलं बरंच काही लागू नाही. साधारण डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये ब्रेकला पुरेल असा व्हॅक्युमच नसतो. म्हणून त्यासाठी वेगळा पंप असतो, अनेकदा अल्टरनेटरच्या मागे. तिथं नळी गळली तर स्लो बिघडत नाही, थेट ब्रेक कडक होतो. वर सांगितलेल्या बूस्टरच्या चाचण्या मात्र त्यांनाही जशाच्या तशा करता येतात.

दुरुस्ती करताना

नळी व्हॅक्युम आणि पेट्रोलची वाफ सहन करणाऱ्या रबराचीच हवी. पाण्याची साधी नळी आतल्या ओढीनं चपटी होते. एम-सील किंवा चिकटपट्टी फार तर घर गाठण्यापुरती. कार्बोरेटरखालचं पॅकिंग बदलताना नट एकेक करून पूर्ण आवळू नयेत. एकाच बाजूला जोर पडला की कार्बोरेटरचा तळ वाकतो आणि नव्या पॅकिंगमधूनही हवा शिरते. सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे.

आणि गळती बंद झाल्यावर स्लोचा स्क्रू पुन्हा सेट करून घ्यायलाच हवा. आधी गळती झाकायला मिश्रण घट्ट करून ठेवलेलं असतं. ते तसंच राहिलं तर गाडी थरथरायची थांबेल, पण पेट्रोल जास्त पिईल आणि प्लग काळे करील. श्रावणी सोमवारी भीमाशंकरच्या चढावर लागणाऱ्या वाहनांच्या रांगेत किंवा रात्री उसातून जाणाऱ्या, बिबट्याच्या वावराच्या रस्त्यावर गाडी बंद पडू नये, असं वाटत असेल तर ही सगळी तपासणी निघायच्या आदल्या दिवशी, इंजिन गार असताना करून घ्यावी. नळ्यांना अर्धा तास आणि बूस्टरला पाच मिनिटं लागतात.